पेणला ऐकू आलं, रोह्याला नाही

“ओ! पाय उचलू नका! आहात तिथेच थांबा!”

पेणजवळच्या हमरापूरच्या त्या गणपती-कारखान्याच्या दारात साईराज एक पाय आत, एक पाय हवेत असा थिजला. आत एक मुलगी मूर्तीसमोर श्वास रोखून डोळ्यांची आखणी करत होती. जमीन जुन्या फळ्यांची. कोणी धप्पकन पाऊल टाकलं की तिचा ब्रश हलायचा, आणि मग बाप्पा दहाही दिवस कुणाच्या तरी घरी तिरळं बघायचा.

बुबुळ पुरं झालं. तिने मान वर केली. हा अजून तसाच, बगळ्यासारखा.

“आता चाललात तरी चालेल.”

“नको, बरं वाटतंय,” तो म्हणाला. “माझं कामही हेच आहे. जगाला सांगायचं, जरा हलू नका.”

किमया हसली नाही. म्हणजे... त्याला दिसेल असं हसली नाही.

तो पुण्याला संशोधन करायचा; रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावाहून घरचा गणपती सांगायला आला होता. मूर्ती ठरली, पिवळा पीतांबर ठरला, विषय संपायला हवा होता. पण पुढच्या आठवड्यात स्वारी पुन्हा हजर – पीतांबर लाल करता येईल का? मग हिरवा. मग आईला म्हणे पिवळाच आवडतो.

“एवढं फोनवर सांगता आलं असतं,” किमया म्हणाली.

“रंग फोनवर नीट कळत नाही.”

“आणि तुझं ते पुण्याचं काम कोण करतंय?”

‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, दोघांनाही कळलं नव्हतं.

मग तो फळीवर बसून सांगायचा. खूप लांब, दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरत असतात. फिरता फिरता जवळ येतात, आणि जवळ येतात तसा वेग वाढत जातो.

“फेऱ्या मारतात? तुझ्यासारख्या?”

“तशाच.”

“मग शेवटी एक होतात, की नुसत्या फेऱ्याच?”

त्याचे कान लाल झाले. “होतात ना... आणि एक झाली की सगळं अवकाशच थरथरतं. तो थरथराट कोट्यवधी वर्षांनी आपल्याकडे पोचतो. तोवर इतका बारीक झालेला असतो, की अणूच्या गाभ्याहूनही कमी. तो पकडायला चार-चार किलोमीटर लांब नळ्या, आत लेसरचा प्रकाश. रस्त्याने ट्रक गेला तरी यंत्राला वाटतं, आलं काहीतरी! म्हणून जमीन गप्प ठेवायची. आपल्याकडेही असं यंत्र उभं राहतंय, हिंगोलीकडे, औंढ्याला.”

“आणि आलं ते खरं, हे कसं कळतं?”

“एकट्या यंत्राच्या ऐकण्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. हजारो किलोमीटरवरच्या दुसऱ्यानेही तेच ऐकायला हवं. आणि एक गंमत आहे... पूर्वी वरची मोठी माणसं कधी गुपचूप यंत्रात खोटा सिग्नल घालायची. खालची मंडळी जागी आहेत का ते बघायला. ती बिचारी खरा समजून महिनोन् महिने राबायची.”

“भारीच दुष्ट की!” किमया म्हणाली. पण तिने ते मनात ठेवलं.

ठेवायला कारण होतं. वडील – पुंडलिक – हल्ली जेवताना पनवेलच्या एका स्थळाबद्दल बोलायचे. ‘गणपती झाले की बघू,’ म्हणायचे. आणि साईराज जगातलं सगळं बोलायचा, फक्त एक सोडून. याच्या मनात आहे तरी काय? की याला खरंच पीतांबराचीच काळजी?

श्रावण संपत आला तसा तो एकदा धापा टाकत आला. “अमेरिकेतल्या यंत्रावर शिकायला पाठवतायत. दोन वर्षं. विसर्जन झालं की निघायचं.”

आणि तो थांबला. तीही थांबली. तो काहीतरी बोलेल म्हणून ती थांबली होती, ती बोलेल म्हणून तो.

“माझंही जमलंय,” किमया म्हणून गेली. “पनवेलचा आहे.”

“अच्छा...” त्याने छत्री उचलली. “अभिनंदन.”

आणि गेला! खुशाल गेला!

त्यानंतर किमयाला कुठेच बरं वाटेना. उठावं तर बसावंसं वाटे, बसावं तर दाराकडे मान वळे. एका उंदराला तिने दोनदा राखाडी रंग दिला, सोवळ्याला किनार द्यायची विसरली.

“काय गो, लक्ष कुठं हाय तुझं?” पुंडलिकने विचारलं.

“कुठं नाय.”

त्याने पुन्हा विचारलं नाही. हल्लीचे बाप फार हुशार असतात.

मग एका सकाळी साईराज दारात उभा. दाढी वाढलेली, डोळे तारवटलेले.

“तुझं लग्न जमलेलं नाही.”

“कोण म्हणतं?”

“पेणला ऐकू आलं, रोह्याला नाही. तुझी विमलमावशी अष्टमीतच ना, बांगड्यांचं दुकान? सख्ख्या भाचीचं जमलं आणि मावशीला पत्ता नाही, असं होईल? मी जाऊन विचारलं. तिकडे सगळं शांत. म्हणजे सिग्नल खोटा.” मग आवाज उतरला. “पण तोवर खरा वाटला होता गं... जेवण जात नव्हतं. का केलंस असं?”

“तू जागा आहेस का ते बघायला.”

मोठ्या मूर्तीमागून खाकरणं ऐकू आलं. पुंडलिक हात पुसत पुढे आला.

“विमलचा फोन आलता काल. ‘भाऊजी, कोण ओ तो पोरगा? किमीचं जमलं काय इचारीत व्हता. नाय म्हटलं तर मटकन खाली बसला, तांब्याभर पाणी प्यायला. डझनभर बांगड्या घेतल्यान्, त्या तिथंच इसरून गेला.’”

साईराजला कुठे बघावं कळेना. “काका, मी फक्त ऐकायला गेलो होतो...”

“अन् समद्या अष्टमीला सांगून आलास. तुझ्या आयशीला पण कळलं असंल.” पुंडलिकने मिशीत हसू दाबलं. “पनवेलवाल्यांना मी नाय म्हनून सांगतो. पन दोन वर्सं पोर थांबंल का, ते मला नको इचारू.”

तो बाहेर गेला. विडी पेटवायला, निदान तसं म्हणाला.

साईराज तिच्याकडे वळला. “थांबशील?”

“नाय.”

त्याचा चेहरा पडला तसं तिला एकदम भरून आलं. किती दिवस तोंडाशी अडलेलं ते एका दमात बाहेर पडलं.

“थांबायबिंबायला मला वेळ कुठाय? ऑर्डरी येतील, हात रंगात असतील. तुझा फोन आला तर ब्रश खाली ठेवीन, एवढंच. मला तू आवडतोस, साईराज. जा, शिकून ये. आणि या वेळी कुणाला न विचारता सरळ माझ्याकडेच ये.”