इद्वालचे दोन मुलगे

वेल्स देशाच्या डोंगराळ मुलखात, जिथे दऱ्या इतक्या चिंचोळ्या की सूर्याला तळापर्यंत उतरायला दुपार व्हावी, तिथे क्वमेरिनच्या खोऱ्यावर बांधलेला इंग्रजांचा काळा कोट त्या पहाटे धुक्यातून सावकाश वर येत होता; आधी निशाण, मग बुरूज, मग तटावरचे कुडकुडणारे पहारेकरी आणि सर्वांत शेवटी, दरवाजाबाहेर नव्याने रोवलेला फाशीचा खांब. खाली लानगेरिन गावात मात्र एकाही छपरातून धूर निघत नव्हता. चूल पेटवायचं भान कुणालाच राहिलं नव्हतं.

सातशे वर्षांपूर्वीची ही हकिकत. इंग्रजांच्या राजाने हा मुलूख जिंकला, टेकडीटेकडीवर कोट उभारले आणि प्रत्येक कोटात एकेक किल्लेदार बसवला. क्वमेरिनच्या वाट्याला सर हॅमो आला. माणूस शूर होता, हे त्याच्या शत्रूंनीही मान्य करावं. पण जमिनीची हाव त्याच्या शौर्याहून दसपट. लानगेरिनची हिरवी कुरणं बुरुजावरून पाहताना त्याच्या तोंडाला पाणी सुटायचं. गावकऱ्यांना हुसकून तिथे आपल्या मुलखातली माणसं वसवायची, हा त्याचा बेत होता. फक्त निमित्त हवं होतं.

निमित्त त्याला भुकेने मिळवून दिलं. त्या हिवाळ्यात कोटाकडे निघालेली धान्याची रसद काही तरुणांनी खिंडीत लुटली. झटापटीत सर हॅमोचा सख्खा भाऊ पडला. लुटारू पांगले, मांडीत बाण रुतलेला एकजण तेवढा हाती लागला. त्याने आपलं नाव सांगितलं नाही. चाबूक झाला, तापलेली सळई झाली, पण नाव काही निघालं नाही.

नाव ओळखलं ते तुदुरने. हा तुदुर जातीचा वेल्श, कोटावर दुभाषा म्हणून पोटाला लागलेला. त्याने किल्लेदाराच्या कानाशी लागून सांगितलं, “हुजूर, हा कादोग. लानगेरिनचा कुलप्रमुख म्हातारा इद्वाल, त्याच्या तिघांतला धाकटा मुलगा. पण माझ्या एकट्याच्या शब्दावर तुमचा न्यायाधीश गाव उठवू देणार नाही. आमच्या लोकांचा रिवाज असा, की एकाने खून केला तर त्याच्या सात पिढ्यांचं सगळं गोत त्याला जबाबदार. तेव्हा म्हाताऱ्यालाच देवळात उभा करा. एक हात संताच्या अस्थींवर, दुसरा या पोराच्या डोक्यावर. माझा म्हणाला तर अख्खं गाव तुमचं. नाही म्हणाला, तर हा बिनगोताचा. मग कुत्र्यासारखा लटकवा. पण अस्थींवर हात ठेवून खोटं बोलणारा नरकात जातो, अशी त्याची श्रद्धा आहे. तो खोटं बोलायचा नाही.”

घरभेद्याला घरातली नस बरोबर ठाऊक असते, ती अशी.

आदल्या संध्याकाळी हा हुकूम गावात इद्वालकडे आला. सत्तरीचा हा म्हातारा म्हणजे गावाची चालतीबोलती आठवण होती. कोण कुणाचा, कुणाचा पणजोबा कुठल्या लढाईत पडला, कुठलं शेत कुणाच्या आजीबरोबर आंदण आलं, सगळं त्याला मुखोद्गत. त्याने एकदा एखाद्याचा वंश म्हटला, की त्यावर वाद उरत नसे. त्या जिभेने कधी एक नाव इकडचं तिकडे केलं नव्हतं.

“नेस्ट,” तो बायकोला म्हणाला, “मला हे जमायचं नाही.”

नेस्टने दाराबाहेर पाहिलं. समोरच्या घरात तान्हं मूल रडत होतं, पलीकडे म्हातारी माणसं बर्फाकडे बघत बसली होती. या थंडीत घरातून बाहेर काढलेलं माणूस तिसरा दिवस पाहणार नव्हतं.

“मला विचारू नका,” ती म्हणाली. “मी आई आहे. मी चुकीचं सांगेन.”

देवळात सकाळी अख्खं गोत उभं होतं. दगडी वेदीवर संत केरिनच्या अस्थींची चांदीची पेटी. समोर गुडघ्यांवर कादोग. चेहरा इतका सुजलेला, की ओळखायला आईच हवी. सर हॅमो चिलखतानिशी, शेजारी तुदुर.

“कुलप्रमुख इद्वाल,” सर हॅमो बोलला आणि तुदुरने वेल्शमध्ये उलथा केला, “आपल्या पूर्वजांच्या रिवाजाप्रमाणे या माणसाला आपला म्हणावं, अथवा नाकारावं. आपला शब्द आम्हांस प्रमाण.”

इद्वालने डावा हात पेटीवर ठेवला. उजवा मुलाच्या डोक्यावर ठेवताच केसांखाली बोटांना तो जुना व्रण लागला. पाच वर्षांचा असताना गवताच्या माळ्यावरून पडला होता. याच हातांनी ते रक्त पुसलं होतं. रिवाजाचा प्रश्न त्याने कसाबसा विचारला, “तू कुणाचा?”

खरं म्हणजे पोराने इथे सात पिढ्या म्हणायच्या. बापानेच शिकवलेल्या. कादोगने मान वर केली, फुटक्या ओठांनी सर हॅमोकडे पाहून हसला आणि म्हणाला, “मी कुणाचा नाही. या थेरड्याला कशाला मध्ये आणलंत? हात काढायला सांगा त्याला, ओझं होतंय.”

काय छातीचं पोर म्हणावं! बापाला पापाची अर्धी वाट त्याने स्वतः चालून दिली होती. उरलेली अर्धी इद्वालला चालायची होती.

“देवाच्या आणि संत केरिनच्या साक्षीने सांगतो,” तो म्हणाला, आणि आवाज कापला नाही, “हा माझ्या रक्ताचा नाही. याचं माझं गोत नाही. माझे मुलगे दोन. दोघेही इथे उभे आहेत.”

सर हॅमोचा चेहरा उतरला. पण तुदुर हार मानणारा नव्हता. त्याने पुन्हा कानाशी तोंड नेलं, आणि किल्लेदाराने फर्मावलं, “उत्तम. मग या बेवारशाची फाशी सर्वांनी पाहावी. परक्या माणसासाठी कुणी रडत नाही. ज्याच्या डोळ्यांत पाणी दिसेल, तो याचा नातलग.”

कोटाच्या दरवाजाबाहेर बर्फात गाव उभं केलं गेलं. सर्वांत पुढे इद्वाल आणि नेस्ट. तुदुर एकेका चेहऱ्यासमोरून फिरत होता, डोळ्यांत डोळे घालून. बायांनी गालाचं मांस दाताखाली धरलं. पुरुष आपल्या पायांकडे बघत राहिले. शिडी लागली. कादोगला वर चढवलं. तुदुर नेस्टसमोर येऊन थांबला आणि तिथेच रेंगाळला.

संपलं, इद्वालला वाटलं. इतकं करून सगळं हिच्या एका थेंबापाशी संपलं.

नेस्टने तुदुरकडे वैतागून पाहिलं, आणि शिडीवरच्यालाही ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाली, “साहेबांना विचार, अजून किती वेळ आहे? गाई दाव्याला हंबरताहेत. धारा खोळंबल्यात माझ्या.”

शिडीवर कादोगने डोळे मिटले. आईचं हे करवादणं तो जन्मापासून ऐकत आला होता. मग शिडी ओढली गेली.

नेस्ट घरी गेली आणि खरोखरच गोठ्यात जाऊन बसली. गाव वाचलं. सर हॅमोला एक वीतभर कुरण मिळालं नाही. कादोगला मात्र देवळाच्या आवारात जागा नव्हती. बेवारशांसारखं कुंपणाबाहेरच्या झुडपांत पुरलं. सणासुदीला इद्वाल वंश म्हणायला उभा राहायचा आणि आपल्या घरापाशी आला की दोन नावं घेऊन थांबायचा. तिसऱ्या नावाचा श्वास छातीत अडकायचा. गाव खाली मान घालून बसायचं.

काही वर्षांनी इद्वाल अंथरुणाला खिळला. पाद्री मेउरिग पापाची क्षमा द्यायला आला. भला माणूस, त्याला सगळं माहीत होतं.

“इद्वाल, संताच्या अस्थींवर घेतलेली खोटी शपथ चार लोकांदेखत मागे घ्यावी लागते. नाहीतर मला क्षमा देता येत नाही. एवढं एक वाक्य बोल. मी तुला नरकात जाताना पाहू शकत नाही.”

इद्वालने खिडकीकडे पाहिलं. कोटावर अजून तेच निशाण होतं आणि सर हॅमो अजून जिवंत होता.

“बाबा,” तो म्हणाला, “माझे मुलगे दोन.”

रात्रीपर्यंत त्याने प्राण सोडला. मेउरिगने नेस्टला बाजूला घेतलं. “बाई, क्षमेवाचून मेलेल्याला मी आवारात घेऊ शकत नाही. त्याला कुंपणाबाहेर...”

“बाहेरच घ्या,” नेस्ट म्हणाली. “जागा मी दाखवते.”

दुसऱ्या दिवशी कादोगच्या शेजारची झुडपं तोडून खड्डा खणला. कोटाचे दोन शिपाई लांबून पाहत होते. माती लोटून झाल्यावर नेस्ट त्या दोन उंचवट्यांच्या मध्ये बसली आणि तिने जो हंबरडा फोडला, तो खोऱ्याच्या पार टोकापर्यंत ऐकू गेला. तिला कुणी उठवलं नाही. संध्याकाळपर्यंत ती रडत होती. नवरा गेलेल्या बाईने रडण्यात शिपायांना काही वावगं वाटलं नाही. ते कोटाकडे निघून गेले.