कोरड्या दिवसांत पडलेली भिंत

भिंत पडली तेव्हा पावसाचा शेवटचा थेंब पडून दोन महिने झाले होते.

फोन रविवारी सकाळी आठला आला. पलीकडे फौजदार होते.

"मॅडम, टेकडीवर एका घरामागची भिंत कोसळलीय. ढिगाऱ्याखाली माणूस सापडला. जिवंत आहे, पण शुद्ध नाही."

"कोण?"

"ज्यानं बांधली तोच. मिस्त्री."

पालिकेच्या बांधकाम खात्यात तपासनीस म्हणून तिची बावीस वर्षं गेली होती. खात्यात पाठीमागे तिला सगळे 'ओळंबा' म्हणत. समोर कोणीही असो, गवंड्याच्या त्या वजन बांधलेल्या दोरीसारखी ती रेषेत सरळ लोंबायची. चहा तसाच ठेवून ती निघाली.

टेकडीच्या उतारावर पायऱ्या पाडाव्यात तशी सात घरं होती. पडझड झाली होती ती तिसऱ्या घरामागे. तिथे पुरुषभर उंचीची दगडी भिंत मधोमध फुटली होती आणि चिकणमातीचा लोट मागच्या खोलीच्या खिडकीपर्यंत आला होता. बाकीच्या घरांतले लोक कुंपणापाशी उभे होते. कोणी एका जागी ठरत नव्हतं. त्या सगळ्यांच्या भिंती याच मिस्त्रीनं बांधल्या होत्या.

ओळंबाबाई आधी वर चढली. वरची जमीन सुकून तडकली होती. भेगांत तिचा अख्खा पंजा गेला. मग ती खाली उतरली आणि भिंतीच्या पायथ्याशी हात घातला. इथली माती मळलेल्या कणकेसारखी होती. भिंतीमागच्या खडीतून अजून पाणी ठिबकत होतं.

वर कोरडं, खाली ओलं. पाणी आभाळातून आलेलं नव्हतं.

ढिगाऱ्यात भिंतीतल्या नळ्यांचे तुकडे दिसत होते. भिंतीमागचं पाणी बाहेर पडावं म्हणून ठेवतात त्या नळ्या. वर आलेल्या पाच तिनं मोजल्या, बाकीच्या मातीखाली होत्या. पाचही नळ्यांची तोंडं पांढऱ्या गिलाव्यानं बंद केलेली होती. भिंतीच्या सांध्यांतला माल मात्र राखाडी होता, जाड वाळूचा. तिनं गिलाव्याचा एक तुकडा पिशवीत टाकला.

घरमालकीण शाळेत ग्रंथपाल होत्या, आता निवृत्त. नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती. पुढच्या खोलीत त्या हात मांडीवर घेऊन बसल्या होत्या. शेजारी सोसायटीचे सेक्रेटरी होते. त्यांचं घर बरोबर वरचं. बाईंच्या नवऱ्याचे ते जुने मित्र.

"वहिनी, मी तेव्हाच म्हणालो होतो," सेक्रेटरी हळू आवाजात सांगत होते. "मी चांगला ठेकेदार आणून दिला होता. तुम्ही ऐकलं नाहीत."

"मिस्त्रीला तुम्ही का निवडलंत?" ओळंबाबाईनं विचारलं.

"तिघे येऊन गेले," बाई म्हणाल्या. "दोघांनी फाटकातूनच भाव सांगितला. या माणसानं फावडं मागितलं. गुडघाभर खड्डा खणला, माती तळहातावर वळून बघितली. वर काय आहे, पावसाचं पाणी कुठून येतं, कुठे जातं, सगळं विचारलं. बाकीच्यांनी उत्तरं दिली, यानं प्रश्न विचारले. मला ते बरं वाटलं." त्या थांबल्या. "चुकलंच म्हणायचं."

"चुकलं नाही, फसवलं त्यानं तुम्हाला," सेक्रेटरी म्हणाले. "बाराच्या बारा भोकं बुजवून ठेवलीत. भिंतीमागं पाणी तुंबणार नाही तर काय? मॅडम, मी स्वतः निवृत्त इंजिनिअर आहे. या टेकडीवर कोणी जमिनीत टाकी खणायची नाही, हा नियमसुद्धा मीच करून घेतला."

"तुम्ही ती भोकं कधी पाहिलीत?"

"आत्ता, ढिगाऱ्यात. एरवी मी कशाला मागच्या दारी जातो? भिंत झाल्यापासून तिकडं पाऊल टाकलं नाही."

ओळंबाबाईनं मान डोलावली. "बाई, भिंतीला भोकं किती होती?"

"नऊ. झाडांना पाणी घालताना रोज समोर असायची."

"पाणी यायचं त्यातून?"

"मध्यंतरी थोडं यायचं. गेल्या आठवड्यात चार दिवस पुतणीकडे जाऊन आले, तर सगळं कोरडं. मला वाटलं, बरं झालं."

"घर बंद होतं?"

"या भावोजींकडे किल्ली असते ना. त्यांचाच आधार आहे मला."

भावोजींनी चष्मा पुसायला घेतला.

बाहेर एक गाडी थांबली. गॉगल लावलेला ठेकेदार उतरला आणि फाटकातूनच मोजपट्टी काढू लागला. आजूबाजूची धूळसुद्धा अजून बसली नव्हती. ओळंबाबाईनं त्याला बाजूला घेतलं.

"तुम्हाला कोणी बोलावलं?"

"सेक्रेटरींनी. आपलं जुनं गिऱ्हाईक आहे."

"त्यांचं काय काम केलंत?"

तो अडखळला. "किरकोळ. मागे पांढरा गिलावा नेला माझ्याकडून, पाणी न झिरपणारा. मी म्हटलं करून देतो, तर म्हणाले, नको, माझं मी बघतो."

"कुठे लावायला?"

"ते मी कशाला विचारू? गिऱ्हाइकाच्या घरात डोकावू नये, मॅडम."

दुपारी ती टेकडीवरून खाली इस्पितळात गेली. मिस्त्रीची लेक खोलीबाहेर उभी होती. तीही बापाबरोबर गवंडीकाम करायची. बोटांच्या पेरांना सिमेंटच्या चिरा होत्या. फौजदारही तिथेच होते.

"बाईंनी तक्रारीवर सही केलीय," ते म्हणाले. "सेक्रेटरींनी मजकूर सांगितला. बाकीची सहा घरं आपापल्या भिंती पाडायला निघालीत. उद्या दुपारपर्यंत तुमचा अहवाल हवा, नाहीतर मला याला शुद्ध येताच अटक दाखवावी लागेल."

त्या मुलीनं ऐकलं, पण ती रडली नाही. "बाबा भोकं बुजवतील? भोकं म्हणजे भिंतीचं नाक, असं म्हणतात ते. नाक दाबून कोणी माणूस उभा करतं का?"

"किती ठेवली होती?"

"बारा. मीच नळ्या बसवल्या. तीन कोपऱ्यात होत्या, बाईंनी नंतर तिथं लोखंडी कपाट ठेवलं. बाबा तेव्हा कुरकुरले होते."

"या उन्हाळ्यात ते तिथे गेले होते?"

"पंधरा दिवसांपूर्वी. भोकांतून पाणी येताना दिसलं. त्यांनी वास घेतला, तर पालिका टाकते त्या औषधाचा वास. नळाचं पाणी. घरी आले ते बेचैनच. रात्रीचं जेवणही नीट गेलं नाही."

"कोणाला सांगितलं?"

"वरच्या अंगाला कोणाला तरी भेटले. नाव नाही सांगितलं. म्हणाले, माणसाला आधी स्वतःहून बोलायची संधी द्यावी. आज सोसायटीची बैठक होती. तो माणूस तिथं बोलला नाही, तर मी बोलेन, आधी भिंत बघून घेतो, असं म्हणून सकाळी निघाले."

परतताना ओळंबाबाई पुन्हा टेकडीवर चढली आणि सेक्रेटरींच्या अंगणात डोकावली. अंगण फरशीचं होतं. मधोमध एक अवजड कुंडी होती आणि तिच्याखालून लोखंडी झाकणाची कड दिसत होती.

त्या दिवशी ती घरी येरझारा घालत राहिली. सहा घरं, सहा भिंती. घाईनं पाडल्या तर पावसाळ्यात टेकडीच खाली येईल. बोलायचं तर पुराव्यानिशी बोलायला हवं होतं.

सोमवारी सकाळी दहाला तिनं सातही घरांतल्यांना सेक्रेटरींच्या अंगणात बोलावलं. फौजदार आले. मिस्त्रीच्या लेकीला तिनं खाली, पडलेल्या भिंतीपाशी उभं केलं.

"भिंत वाईट बांधलेली नव्हती," ओळंबाबाईनं सुरुवात केली. "चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि ढकलते. म्हणून मिस्त्रीनं मागे खडीचा पट्टा घातला आणि बारा भोकं ठेवली. पाणी खडीतून उतरायचं आणि भोकांतून निघून जायचं. भोकं बुजवल्यावर तोच पट्टा हौद झाला. कोरड्या दिवसांत हौद भरला, कारण वरून नळाचं पाणी गळत होतं. मिस्त्रीनं ते वासावरून ओळखलं आणि वर येऊन सांगितलं."

"कोणाला?" एकानं विचारलं.

"ज्याच्या घरात जमिनीखाली टाकी आहे त्याला."

सेक्रेटरी हसले. "टाकी बांधायची नाही, हा नियम माझा आहे, मॅडम."

"म्हणूनच ती लपवावी लागली. काल तुम्ही म्हणालात, बाराच्या बारा भोकं बुजवलीत. घरमालकिणीला नऊच माहीत होती, कारण तीन कपाटामागे होती. ढिगाऱ्यात मला पाचच दिसली. भिंत झाल्यापासून तुम्ही तिथे पाऊल टाकलं नव्हतंत. मग बारा कशी मोजलीत?"

शेजारी उभे असलेले दोघे सेक्रेटरींपासून बाजूला सरले.

"ज्यानं ती बुजवली, त्यानं मोजली. बाई चार दिवस गावाला होत्या, किल्ली तुमच्याकडे होती. कपाट सरकवायला तुम्हाला निवांत वेळ मिळाला. पांढरा गिलावा तुम्ही ठेकेदाराकडून नेला होता. नळीच्या तोंडाशी तोच असेल, माझ्याकडे तुकडा आहे. फौजदार, ती कुंडी हलवा."

दोन शिपायांनी कुंडी सरकवली. झाकण उघडलं. आत काळं पाणी हललं. ओळंबाबाईनं पिशवीतून हिरव्या रंगाची बाटली काढली आणि टाकीत रिकामी केली.

"आता थांबू या."

थांबणं सगळ्यांना जड गेलं. कोणी फरशीवर बसलं, कोणी उठून कुंपणापर्यंत जाऊन आलं. एका आजोबांनी तीनदा वेळ विचारली. सेक्रेटरी टाकीकडे पाहत नव्हते. पाऊण तास झाला. फौजदारांनी घड्याळ बघितलं, मग ओळंबाबाईकडे बघितलं. ती उन्हातून हलली नाही.

मग खालून मिस्त्रीच्या लेकीचा आवाज आला. "मॅडम, खडीतून हिरवं येतंय."

सेक्रेटरी पायरीवर बसले.

"टाकीला तडा गेलाय हे मला माहीत होतं," ते म्हणाले. "आतून लिंपून पाहिली, गळती थांबली नाही. बैठकीत पावसाळ्याआधी भिंती बघायला सगळे वहिनींच्या मागच्या दारी जाणार होते. पाणी दिसलं असतं तर माझी अब्रू गेली असती. म्हटलं, आठवडाभर बंद राहू दे, बैठक पार पडली की काढून टाकू. भिंत पडेल असं वाटलं नव्हतं."

"तुम्ही इंजिनिअर आहात," ओळंबाबाई म्हणाली. "तुम्हाला वाटायला हवं होतं. आणि पडल्यावर तुम्ही दोष कोणाच्या माथी मारलात?"

ग्रंथपाल बाई पुढे आल्या. "भावोजी, काल माझ्या हाताला धरून तुम्ही सही करायला लावलीत. तो माणूस ढिगाऱ्यातून काढला त्याला दोन तासही झाले नव्हते."

फौजदारांनी सेक्रेटरींना उठवलं. दुपारपर्यंत टाकी उपसायचा हुकूम निघाला. बाकीच्या सहा घरांतले लोक आपापल्या मागच्या दारी गेले आणि वाकून वाकून भोकं तपासू लागले.

संध्याकाळी ग्रंथपाल बाई इस्पितळात गेल्या. तक्रार मागे घेतल्याचा कागद पर्समध्ये होता. मिस्त्री तासाभरापूर्वी शुद्धीवर आला होता. पायाला प्लॅस्टर होतं आणि बोलताना त्याला धाप लागत होती. लेकीनं उशाशी स्टूल सरकवलं.

काय बोलायचं ते बाईंनी वाटेत ठरवलं होतं. इथे आल्यावर त्यातलं एकही वाक्य आठवेना.

"मिस्त्री, मी तुमच्यावर..."

"बाई," त्यानं मध्येच हात उचलला, "रात्री मागच्या खोलीत झोपलात का?"

"हो."

"आजपासून पुढं झोपा. ती माती वाळायला महिना तरी जाईल."