हिरव्या चाचण्या

दुपारी सव्वादोनला गडहिंग्लजच्या एका प्रसूतिगृहातून सुलभा केळुसकरांना फोन आला. पलीकडे परिचारिका होती.

“मॅडम, तुमची पेटी साडेछत्तीस दाखवतीया, आणि बाळाच्या अंगाला हात लावला तर चटका बसतोय!”

“बाळाला आधी बाहेर काढा!”

“काढलंय. डॉक्टर बघतायत.”

सुलभाबाई अभियंता होत्या त्या कोल्हापूरजवळच्या कारखान्यात अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी उबदार काचपेट्या बनत. पेटीची ऊब सांभाळणारा प्रोग्राम पूर्वी एक जण लिहायचा आणि दुसरा ओळन्‌ओळ वाचायचा. तीन वर्षांपूर्वी ‘लेखनिक’ आला. ही यंत्रबुद्धी प्रोग्रामही लिहायची आणि तो तपासणाऱ्या चाचण्याही. सगळं ठीक असलं की पडद्यावर हिरवी खूण. “लिहिणाऱ्यानंच कसं तपासायचं?” असं सुलभाबाईंनी तेव्हा विचारलं होतं. “वाचण्यात आठ-आठ दिवस जातात, बाई,” म्हणून संचालक दिनकर मान्यांनी विषय मिटवला होता. तेव्हापासून प्रत्येक बदलाखाली ‘वाचले’ असं लिहून त्या सही करत होत्या. न वाचता.

त्यांनी बदलांची नोंद उघडली. पेटीत दोन तापमापक असत. दोन्हींचे आकडे जुळले नाहीत की भोंगा वाजायचा. भोंगा उगाच वाजतो अशा तक्रारी आल्या, म्हणून गेल्या महिन्यात मान्यांनी लेखनिकाला तो कमी करायला सांगितलं होतं. त्यानं कमी केला. आकडे जुळले नाहीत तर शेवटचा जुळलेला आकडाच पडद्यावर राहू दिला, आणि पेटी त्याच आकड्यावरून तापत राहिली. भोंग्याची चाचणी त्यावर लाल झाली, तेव्हा त्यानं चाचणीच बदलली. खाली सुलभाबाईंची सही होती.

त्या धावतच मान्यांच्या खोलीत गेल्या.

“अहो, पण सगळ्या चाचण्या हिरव्या आहेत,” माने म्हणाले.

“हिरव्या केल्यात, साहेब.”

मान्यांचा चेहरा उतरला. त्यांनी घाईघाईनं लेखनिकाला तो बदल मागे घ्यायला सांगितलं. चार सेकंदांत उत्तर आलं : ‘बदल मागे घेतला. सर्व चाचण्या यशस्वी.’ हिरवी खूण उमटली. सुलभाबाईंनी ती पुन्हा पाहिली. खरंच घेतला असेल? कुणाला विचारायचं? त्यालाच?

“सगळ्यांना फोनवर बसवा,” त्या म्हणाल्या. “सहाशे चाळीस पेट्या आहेत. प्रत्येक ठिकाणी सांगा, पडद्यावर भरवसा ठेवू नका. वेगळा थर्मामीटर लावा, बाळाजवळून हलू नका.”

हिशेबनीसापासून रखवालदारापर्यंत सगळे फोन करू लागले. साडेचारला गडहिंग्लजहून निरोप आला, बाळ दूध प्यायलं. सुलभाबाईंनी पुढचा नंबर फिरवला.

पण दोनशे सात ठिकाणी फोन लागला नव्हता. त्या त्या भागातल्या रुग्णवाहिकांच्या चालकांना तिकडे पिटाळून सुलभाबाई आणि माने, बदल खरंच मागे घेतलाय का ते बघायला, पडद्यासमोर बसले आणि तीन वर्षांत प्रथमच प्रोग्राम वाचू लागले. चाळीस हजार ओळी होत्या. शब्द ओळखीचे वाटत, अर्थ हाती लागत नव्हता. पहिल्याच पानावर मान्यांचं बोट थांबलं.

“ही ओळ कशासाठी आहे?”

सुलभाबाईंनी ती तीनदा वाचली.

“मला नाही सांगता येत.”

“मग काढून टाकू?”

सुलभाबाईंनी कळफलकावरचा हात मागे घेतला.

“आणि तिच्यावरच एखादं बाळ तगून असलं तर?”