रंध्यापुढचे दोन पाट

कमलाकर निवृत्त झाले त्याला दोन वर्षं होत आली होती आणि तेवढ्या काळात त्यांनी टीव्हीसमोरची खुर्ची झिजवण्यापलीकडे काहीही केलं नव्हतं, असं सुमतीचं स्पष्ट मत होतं. नवीन पनवेलमधलं रो-हाऊस टुमदार, मुलगी अनुया पुण्यात सुखात, दोघांच्या तब्येती ठणठणीत. पण माणूस बोलेल तर शपथ. भाजी कशी झालीय विचारलं तर "बरी", फिरायला जाऊ या का विचारलं तर "बघू". आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेल्या सुमतीला घरातलं हे एकच गणित सुटत नव्हतं.

त्यामुळे एके सकाळी त्यांनी "मी सुतारकाम करणार" असं जाहीर केलं, तेव्हा तिने एका शब्दाने विरोध केला नाही. उलट पार्किंगमधली गाडी स्वतः बाहेर काढून रस्त्यावर लावली. नवी मशीनं मात्र कमलाकरांना पसंत पडेनात. हल्लीचा सगळा पत्रा, खरं काम करावं तर जुन्या बिडाच्या मशीनवर, असं त्यांचं म्हणणं. कारखान्यात उपकरणांचे इंजिनियर होते ते. लोखंडाचं वेड जुनंच.

जासईच्या गोरखकडे अशी तीन मशीनं होती. बँडसॉ, लेथ आणि एक लांबलचक रंधा मशीन. त्याच्या काका-काकीची वखार होती, ती जागा आता कंटेनरवाल्यांकडे गेली होती. टेम्पोतून मशीनं उतरवताना गोरखने शेवटी दोन जाड सागवानी पाट काढले, एक मोठा, एक लहान. दोन्हींवर पावलांच्या आकाराचे खोलगट खळगे पडले होते.

"फळी सरकवायचा तिकडं काका उभा रावायचा," त्याने सांगितलं, "आनि बाहेर येयाची तिकडं भामाकाकी. जन्मभर तेच. मूलबाळ नाय. दिवसभर मशीन आनि दोघांची हसाहशी. गेलीबी एकाच पावसात." मग कमलाकरांच्या जाड बुटांकडे बघून म्हणाला, "चपला-बूट नाय चालायचे, साहेब. पाटावर उघड्या पायानं उभं रावा."

कमलाकरांनी सुरक्षिततेचे नियम ऐकवले. गोरखने मान डोलावली आणि चहा पिऊन तो गेला.

सुरुवातीचे दिवस मजेत गेले. कमलाकरांनी गंज काढला, पट्टे बदलले, मोटारी बसवल्या. मशीनं गोड आवाजात फिरू लागली, काम मात्र काही केल्या सरळ होईना. पहिलं स्टूल असं डुगडुगलं की सुमती त्यावर बसून हसता हसता खाली आली. दुसऱ्याचे तीन पाय जमिनीला आणि चौथा हवेत. कमलाकरांचं तोंड पुन्हा खुर्चीकडे वळतंय हे तिला दिसत होतं आणि त्याची तिला मनापासून भीती वाटत होती.

खंडेनवमीला तिने यंत्रांची पूजा करायचं ठरवलं. ती काही देवभोळी नव्हे, पण सण तो सण. मशीनं पुसून हळदकुंकू लावलं, झेंडूच्या माळा घातल्या. लहान पाट इतके दिवस भिंतीला टेकवून ठेवला होता. त्याची उभ्याउभ्या कशी पूजा करायची, म्हणून तिने तो धुतला आणि रंध्याच्या पलीकडच्या टोकाला मांडला. मोठा अलीकडे. भोवती रांगोळी काढली आणि मध्ये पुरणाचा नैवेद्य ठेवला. मागे सरून बघितल्यावर तिला हसूच आलं. दोन पाट, रांगोळी, पुढे पान. मेहूण जेवायला बोलावतात तेव्हा अगदी असंच मांडतात.

"या, जेवायला बसा," ती गमतीने म्हणाली आणि दिवा लावून आत गेली.

दसरा झाल्यावर कमलाकरांनी मोठ्या पाटावर चढताना बूट काढले. का, ते तिने विचारलं नाही, कारण त्यांचं तिसरं स्टूल सपाट बसलं होतं. मग चौरंग झाला, अनुयासाठी फडताळ झालं. सांधे असे की नख शिरू नये. शेजारच्या वसुंधराबाईंनी देव्हारा करून मागितला आणि कमलाकर चक्क त्यांच्याशी गप्पा मारत उभे राहिले.

ते बोलू लागले होते. जेवताना बोलत, काम करताना गात, सुमतीची वेणी ओढून पळत. तिच्या मैत्रिणी म्हणत, काय खायला घालतेस गं. सुमतीला इतकं बरं वाटत होतं की लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातही तिला इतकं बरं वाटलं नसेल.

लहानसहान गोष्टींकडे तिने म्हणूनच काणाडोळा केला. ते डाव्या हाताने हातोडी धरू लागले होते. एका रविवारी उरण नाक्यावरून सुकट घेऊन आले. ज्या घरात कधी अंडंही शिजलं नव्हतं, त्या घरात. तिने नाकाला पदर लावला, तर म्हणाले, "खाऊन तरी बघ. नाय आवडली तर सांग." चुकून कुणी 'ण'चा 'न' केला तर टोकणारे कमलाकर 'नाय' म्हणत होते.

दिवाळीला चपला घ्यायला गेले तेव्हा दुकानदाराने त्यांच्या नेहमीच्या मापाच्या काढल्या. टाच बाहेर राहिली. "पाय सुजलेत का काका?" त्याने विचारलं. पाय सुजलेले नव्हते. मोठे झाले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते अंघोळीला गेल्यावर सुमती पार्किंगमध्ये आली. मोठ्या पाटाचे खळगे तिने बोटांनी चाचपले. मग लहान पाटापाशी बसली. खळगे अरुंद, बाईमाणसाच्या पावलांचे. दुसऱ्या बोटाच्या जागी लाकडात एकेक बारीक चर होता. जोडव्यांनी पाडलेला.

ती उठली आणि तिने गोरखला फोन लावला.

"मशीनं परत घेऊन जा," ती म्हणाली. गोरखने कारण विचारलं नाही. उद्या टेम्पो काढताना फोन करतो म्हणाला.

रात्रभर तिने हिशेब मांडला. मशीनं गेली की खुर्ची परत येणार. "बरी" आणि "बघू" परत येणार. तरी ते तिचे स्वतःचे कमलाकर असणार होते. हा बाजूला घोरणारा, मजेदार, प्रेमळ माणूस कोण, हे तिला माहीत नव्हतं. तो जाणार म्हणून तिला रडू येत होतं आणि त्याची लाजही वाटत होती.

सकाळी चहाचा कप द्यायला ती पार्किंगमध्ये आली. रंधा मशीन सुरू होतं. एक भलीलांब फळी अर्धी बाहेर आली होती आणि पलीकडून झुकायला लागली होती.

"धर गो," त्यांनी हाक मारली. त्यांचा चेहरा भुशाने पांढरा झाला होता आणि त्यावर भलं मोठं हसू होतं.

फळी पडली असती. तिने कप ठेवला, चपला काढल्या आणि पाटावर चढली.

पाय बरोब्बर बसले.

लाकूड कोमट होतं. फळी हातात आली, गुळगुळीत, ताज्या सागाच्या वासाची. तिने ती ओढून घेतली, कशी ओढायची ते कुणी न सांगता. त्यांनी दुसरी लावली. तिने तीही घेतली. मग ते काहीतरी म्हणाले आणि दोघं मोठ्याने हसली.

फोन वाजला. तिने तो डाव्या हाताने कानाला लावला.

"ताई, गोरख बोलतो. टेम्पो काढतोय."

"नाय रे," सुमती म्हणाली, "मशिनी नाय द्यायच्या. आमी हाव अजून."

पलीकडे टेम्पोच्या इंजिनाची घरघर तेवढी ऐकू येत होती. मग ती बंद झाली.

"भामाकाकी?" गोरखने अगदी हळू विचारलं.

सुमतीने ओ दिली.