वाजून झालेली तार

सत्त्याण्णव साली गोत्रीच्या त्या सोसायटीत घरोघर रंगीत टीव्ही आले, वरदनं इलेक्ट्रिक गिटार आणली. बायकोला सातवा महिना आणि नवरा सुट्टीच्या दिवशी तारा खाजवतो. शेजारच्या शालिनीबेननी त्याला केव्हाच वेड्यात काढलं होतं.

त्याचं अडायचं ते स्वीपवर. तारा छेडायचं बोटांतलं पिक सहाही तारांवरून एका दमात खाली सरकलं पाहिजे. त्याच्या तारा मात्र एकमेकींत मिसळून नुसता कालवा करायच्या.

त्याला गिटार शिकवणारे रावपुऱ्यातले प्रतापराव डाव्या हातानं चहा पीत ऐकायचे. उजवा हात ते गिटारखेरीज कशाला लावत नसत.

“मनगट मोडू नका. कोपरापासून हात एकसंध येऊ द्या. आणि ही,” त्यांनी तळहाताची कड दाखवली, “ही मागून येते. वाजून झालेली तार हिच्याखाली गप्प. जोर नको, नुसता स्पर्श.”

एका दुपारी ते जमलं. सहा स्वर, सहा सुटे मणी. वरद खुशीत पाणी प्यायला उठला, फ्रिजला हात टेकला. घरघर थांबली. मेकॅनिकनं दोनदा उघडून पाहिलं. बिघाड नव्हता, फ्रिज मात्र चालला नाही.

मग भिंतीवरचं घड्याळ. त्यानं नुसतं सरळ केलं होतं.

मग जिन्यातलं मांजर. मांडीवर गुरगुरत होतं, त्यानं पाठीवरून हात फिरवला.

मांजर त्यानं एकट्यानं पुरलं आणि रावपुरा गाठला.

“सर, थांबलेलं परत सुरू कसं करायचं?”

“तार असेल तर परत छेडायची.”

“तार नसेल तर?”

प्रतापरावांनी कप खाली ठेवला. “घरी कोण कोण असतं तुमच्या?”

वरद घरी येऊन उजवा हात मांडीखाली दाबून बसला.

“आठ दिवस झाले, साधा हात लावत नाही तुम्ही,” कोमल शेजारी टेकली. “शालिनीबेन बरोबर म्हणतात, तुमची खरी बायको ती गिटारच. अहो, बघा तरी, कसं नाचतंय!”

“नको, कोमल.”

“एवढं काय लाजायचं?”

तिनं त्याचा हात ओढून पोटावर दाबला.

तळव्याखाली एक लाथ बसली.

दुसरी अर्धीच.

त्यानं हात हिसकून घेतला.

“ओळखला हं बापाचा हात,” कोमल हसली. “कसं शांत झालं!”

हसू तसंच ठेवून तिनं पोटाची दुसरी बाजू दाबून पाहिली.