भिंगातली बुरशी

"हात लावू नका! कोणीच हात लावायचा नाही!"

मावशी एवढ्या मोठ्याने ओरडली की तिघं भाचरं जागच्या जागी थिजली.

टेबलावर एक फाडलेला खोका होता आणि त्याच्या शेजारी जुना रीळवाला कॅमेरा. मावशीने त्याच्या भिंगावर टॉर्च धरला. काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढुरके धागे पसरले होते.

"बुरशी," ती हळूच म्हणाली. "याही भिंगात बुरशी. आणि हा मीच विकला."

सुट्टीत मावशीकडे जायचं म्हणजे एरवी नुसता दंगा. मावशी जुने कॅमेरे उघडायची, पुसायची, दुरुस्त करायची आणि ऑनलाइन विकायची. कंबरेच्या दुखण्यामुळे बाहेरची नोकरी तिला झेपत नव्हती. खिडकीजवळचं ते टेबल हीच तिची नोकरी, त्याच्यावरच घरची चूल पेटायची. पण या वेळी पोरं आली, तर ती धड हसलीसुद्धा नाही.

पोरं तीन. थोरली वकील. वादात कोणाला हार जाईल तर शपथ! मधला चष्म्या. आणि धाकटा भुंगा, कारण त्याची कानाशी अखंड भुणभुण चालायची.

"हा दुसरा परत आला," मावशी म्हणाली. "ऑनलाइन विक्रीच्या कंपनीने दोन्ही वेळा गिऱ्हाइकाचंच खरं धरलं. आता आणखी एक आला की तिथलं माझं दुकान बंद. कायमचं."

"मग सांग ना त्यांना, मी चांगलाच पाठवला होता म्हणून!" वकील उसळली.

"कशाच्या जोरावर सांगू? हे स्क्रू बघ. प्रत्येकाच्या डोक्यावर खाच आहे ना? मी आवळून झालं की सगळ्या खाचा अशा उभ्या ठेवते, रांगेत. दुसऱ्या कोणी उघडलं की वाकड्यातिकड्या होतात. या बघ कशा उभ्या आहेत! म्हणजे कॅमेरा कोणी उघडलाच नाही. बुरशी इथूनच गेली." मावशीने टॉर्च बंद केला. "माझी नजर गेली गं. डोळ्यांच्या डॉक्टरकडे नाव घातलंय."

थोरलीने खाचा पुन्हा एकेक करून पाहिल्या. सगळ्या उभ्याच.

तेवढ्यात मावशीचा फोन वाजला. नवी ऑर्डर! तसलाच कॅमेरा हवा होता.

"नाही पाठवत," मावशी म्हणाली. "पुन्हा अब्रू घालवायची ताकद नाही माझ्यात."

"थांब!" वकील म्हणाली. "आम्ही तुझे डोळे होतो. पाठवायच्या आधी सगळ्याचं शूटिंग करू. भिंग, नंबर, खोका, चिकटपट्टी, सगळं एका दमात. मधे कुठे तोडायचंच नाही. मग कोणी म्हणेल का, नंतर बदललं म्हणून?"

"गिऱ्हाइकाकडे चोर म्हणून बघायचं? मला नाही जमत ते."

"गिऱ्हाइकाकडे कशाला बघतेस? कॅमेऱ्याकडे बघ!"

मावशीने मान डोलावली, पण मन नव्हतं. चष्म्याने मोबाइल धरला. मावशीने टॉर्च लावला, आणि पडद्यावर भिंग असं लख्ख दिसलं की चष्म्या ओरडलाच, "एक धागा नाही! मावशी, तुझी नजर ठणठणीत आहे!"

मावशीने स्वतः वाकून पाहिलं. पुन्हा पाहिलं.

वकीलबाईंनी नेलपॉलिशची बाटली पुढे केली. "भिंगाच्या कडेला एक बारीक ठिपका दे. आत, भिंगावरच्या धातूच्या कड्याखाली. बाहेरून दिसायला नको."

लाल ठिपका दिला, कडं बसवलं, खाचा उभ्या केल्या, बुडावरचा नंबर दाखवला, खोका बंद केला. मधेच भुंग्याला सटकन शिंक आली.

"आता परत पहिल्यापासून?" तो रडवेला झाला.

"अजिबात नाही! शिंक पण पुराव्यात राहू दे!"

त्या दिवशी मावशी पहिल्यांदा थोडी हसली. पण ते हसू टिकलं नाही. काही दिवसांतच निरोप आला: भिंगात बुरशी आहे, माल परत घ्या.

मावशी दिवसभर टेबलाकडे फिरकली नाही. ताटातलं तसंच टाकून उठली.

पार्सलवाला आला तो घाईतच. "बाई, सही करा. गाडी रस्त्यात उभी आहे."

"सही मिळेल. आधी खोका उघडायचा, तुमच्यासमोर," वकील दारात आडवी उभी राहून म्हणाली. "चष्म्या, चालू कर!"

"ए पोरी, मला दुसरी कामं नाहीत का?"

"तिथून उचलताना तुम्ही आतला माल फोटोशी ताडून बघता ना? तसा नियम आहे, मी वाचलाय."

पार्सलवाल्याने मान खाजवली. "नियम आहे, पण... तिथला म्हातारा खोका चिकटवूनच ठेवतो. दर वेळी उघडायला कुठे लावायचं बिचाऱ्याला?"

"दर वेळी?" वकील आणि चष्म्या एकदमच ओरडले. "तिन्ही कॅमेरे एकाच माणसाकडून?"

"नावं वेगळी असतात. दुकान तेच."

खोका उघडला. बुडावरचा नंबर बरोबर होता. खाचा सगळ्या उभ्या, रांगेत. टॉर्च लावला, तर आत पांढुरके धागे! मावशीने कडं काढलं. भिंगाच्या कडेला लाल ठिपका नव्हता.

"भिंगच बदललं!" चष्म्या नाचायला लागला. "पकडला! पकडला!"

पण मावशी स्क्रूंकडेच बघत होती.

"मावशी," भुंग्याने विचारलं, "खाचा अशा उभ्या ठेवायच्या, हे तुला कोणी शिकवलं?"

मावशीचं बोट खाचेवर थांबलं. मग तिने पार्सलवाल्याकडे पाहिलं. "ते दुकान बाजारात, पायऱ्या चढून वर आहे? म्हाताऱ्याचे हात थरथरतात?"

"हो! तुम्ही कसं ओळखलं?"

"मला घेऊन चला तिथे."

आपल्या आळसाने काय घडलंय ते पार्सलवाल्याला कळलं होतं. गाडीत पार्सलं सरकवून त्याने जागा केली आणि चौघंही कशीबशी मागे कोंबली.

दुकान अंधारं होतं. गल्ल्यामागे मास्तर बसले होते. याच माणसाने मावशीला हे काम शिकवलं होतं. तिला पायऱ्या चढून येताना पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. काचेच्या कपाटात तसलेच तीन कॅमेरे विकायला मांडले होते.

मावशीने काही न विचारता एकेक खाली घेतला आणि कडं काढून बघितलं. तिसऱ्याच्या भिंगाला लाल ठिपका होता.

"मास्तर, खाचा कशाला सरळ केल्यात?" ती म्हणाली. "वाकड्या ठेवल्या असत्या, तर निदान मला कळलं असतं की कोणीतरी उघडलाय."

"हात आपोआप करतो गं, पोरी," मास्तर पुटपुटले. "पुसायला जमत नाही आता, बोटं ऐकत नाहीत. तुझी भिंगं बघितली, इतकी स्वच्छ... माझ्या कॅमेऱ्यांतली बुरशीने गेलेली. अदलाबदल केली." त्यांनी हात जोडले. "कंपनीला माझं नाव नको सांगूस. या बाजारात तोंड दाखवता येणार नाही मला."

पोरांना वाटलं, मावशी विरघळणार. ती होतीच तशी.

"मास्तर, मी रोज सकाळी उठून दिव्याकडे बघायचे," मावशी म्हणाली. "एक डोळा झाकून, मग दुसरा. किती दिसतंय ते तपासायचे. रात्री झोप नाही. आंधळी होऊन या पोरांच्या आईच्या दारात पडून राहीन, असं वाटायचं. माझी भिंगं तुम्ही परत कराल. ते दिवस कसे परत करणार?"

मास्तरांनी जोडलेले हात सोडले.

"नाव सांगणार मी," मावशी म्हणाली आणि पायऱ्या उतरायला लागली. थोरलीने तिचा हात धरला.

घरी येऊन दोन्ही शूटिंग कंपनीला पाठवली. पार्सलवाल्याने आपणहून लिहून दिलं, की तिन्ही कॅमेरे मी न बघता एकाच दुकानातून उचलले. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. मावशीचं दुकान चालू राहणार, गिऱ्हाइकाची तिन्ही खोटी नावं बंद.

"जे आम्ही मोठ्यांनी करायचं, ते या पोरांनी केलं!" पार्सलवाला पाठीवर थापा मारत म्हणाला. "यापुढे उघडून बघितल्याशिवाय मी एक खोका उचलणार नाही. कान धरतो!"

"शाबास रे पोरांनो!" मावशी म्हणाली. "तुम्ही नसता, तर मी अजून स्वतःलाच दोष देत बसले असते." आणि तिने पदराने डोळे पुसले.

"मावशी, तू जिंकलीस की गं!" भुंगा तिला बिलगला. "मग रडतेस कशाला?"

"ज्याने हातात स्क्रूड्रायव्हर धरायला शिकवलं, त्याच्याशी भांडून जिंकले ना रे."

मग तिने खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"चला, व्हा बाजूला सगळे! उजेड अडवून उभे राहिलात. मला काम आहे."