बारीक नखांचा नांगर

होडीचा नांगर घ्यायला सासऱ्यांबरोबर सून जाते, हे आमच्या गावात कुणी ऐकलं नव्हतं. पण मरहूनबाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, आणि होडी हाकणारा त्यांचा एकुलता एक मुलगा, म्हणजे माझा नवरा उबैद, बऱ्याच दिवसांत घरी आला नव्हता. मग सुकाणू मी धरलं. बायकांनी तोंडात बोटं घातली. घालू देत. आमच्या गावाला रस्ता नाही. मागे कडा, पुढे समुद्र, आणि बाजार होडीनं गाठायच्या खसब शहरात. होडी हलली नाही तर चुलीला मीठ नाही.

‘घरी आला नव्हता’ हे बाबांचे शब्द. खरं काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. जुना नांगर खडकात अडकला, तो सोडवायला उबैद कमरेला दोर बांधून पाण्यात उतरला. दोराचं दुसरं टोक बाबांच्या हातात होतं. त्यांच्या घरात बुडी मारणाऱ्यांची खूण वाडवडलांपासून चालत आलेली: एक झटका म्हणजे दोर सोड, दोन झटके म्हणजे वर ओढ. बाबांना दोन झटके लागले. त्यांनी ओढलं. दोर वर आला तो रिकामा. प्रेत मिळालं नाही, आणि प्रेत नाही म्हणून बाबांनी जनाज्याची नमाज होऊ दिली नाही. इमामांनी समजावलं, भाऊबंदांनी समजावलं. बाबांचं एकच पालुपद, “मी ओढत होतो, तो येत होता.”

माझं घोडं तिथंच अडलं. नमाज नाही म्हणून मी विधवा नाही, नवरा नाही म्हणून बायको नाही. मला माहेरी न्यायला माझा भाऊ सुवैद दर ईदेला यायचा आणि हात हलवत परत जायचा. मला जायचं होतं का? अल्ला जाणे. मला एवढंच हवं होतं, की तो गेला असं बाबांनी एकदा मोठ्यानं म्हणावं, म्हणजे मला मोकळं रडता येईल. घरात मी रडायला लागले की ते ताट सरकवून उठायचे.

खसबला हमदान लोहाराच्या दुकानात लोखंडाचा आणि माशांच्या तेलाचा वास कोंडलेला होता.

“तळ कसला आहे तुमच्याकडे?” त्यानं विचारलं.

“वर रेती, खाली खडक.”

“मग हा जाड नखांचा घ्या. बैल बांधलात तरी नख वाकायचं नाही.”

बाबांनी त्या नखावरून अंगठा फिरवला आणि हात मागे घेतला. “मला वाकणारा हवाय.”

“मरहून, लोक न वाकणारा मागतात.”

“मागू देत. माझा अडकला तर वरून जोर लावला की नख सरळ व्हावं आणि नांगर सुटून यावा. कुणाला खाली उतरावं लागू नये.”

हमदान आत गेला. आतून बारीक सळईचा, चार नखांचा एक नांगर आणून त्यानं समोर ठेवला. “उत्तरेचा शमाल वारा सुटला तर हा टिकायचा नाही. सांगायचं काम माझं. निदान दोर तरी भरपूर घ्या. दोरात हात आखडता घेतला तर नांगर म्हणजे नुसता धोंडा.” मग माझ्याकडे वळला. “पोरी, मध्ये साखळी घाल. ओढ आडवी पडली तर नांगर रुततो, उभी पडली की उपटतो.”

“आडवं वागण्यात आमच्या घराचा हात कुणी धरणार नाही, काका,” मी म्हटलं.

हमदान हसला. बाबाही हसले. उबैद गेल्यानंतर मी त्यांना हसताना पाहिलं ते तेव्हाच.

परतीच्या वाटेवर आम्ही खजूर आणि रोटी खाल्ली. दुपार कलली आणि क्षितिजावर पिवळा पट्टा उठला. बघता बघता शमाल अंगावर आला. धुळीनं सूर्य तांब्याच्या परातीसारखा दिसायला लागला आणि कडे दिसेनासे झाले. पुढं जाण्यात अर्थ नव्हता. मी होडी एका अरुंद खाडीत घातली, पार आत, जिथं पाणी उथळ होतं. दोन्ही बाजूंना उभा कातळ, आणि मागे दात विचकून बसलेले खडक.

“फेकू नकोस,” बाबा म्हणाले. “हळू सोड. तळ लागला की होडीला मागं जाऊ दे.”

मी नांगर सोडला, साखळी गेली, दोर गेला. दोराचं टोक मी नाळेवरच्या, होडीच्या पुढच्या टोकावरच्या, खुंटाला स्वतः बांधलं होतं, ओढून तपासलं होतं. काठावरचा एक पांढरा दगड आणि त्यामागचं बाभळीचं झाड मी नजरेनं एका रेषेत धरलं. होडी जागेवर असेल तर ती रेष मोडत नाही.

रेष मोडली. दगड एकीकडे गेला, झाड दुसरीकडे.

“बाबा, घसरतोय.”

त्यांनी दोरावर हात ठेवला. घसरणारा नांगर दोरातून गुरगुरतो, ते हाताला कळतं. बाबांचा चेहरा उतरला. “नखं वाकली,” ते म्हणाले. इंजिन पूर्ण जोरात होतं तरी आम्ही खडकांकडेच चाललो होतो. फुटणाऱ्या लाटांचं पाणी माझ्या मानेवर उडत होतं. मी कलमा म्हणायला लागले.

आणि गुरगुर थांबली.

होडी जागच्या जागी थबकली. दगड आणि झाड पुन्हा एका रेषेत आले. बाबा दोर धरून तसेच बसले होते, मान एका बाजूला कलवून, दाराबाहेरची चाहूल घेतात तसे.

“झटका...” ते म्हणाले.

“लाटेचा असेल.”

“लाट ओढते. हा झटका होता. एक.” आणि त्यांनी खुंटाचा वेढा सैल करून दोर सोडला. थोड्या वेळानं पुन्हा सोडला. ज्याला ते ऐकत होते तो मला ऐकू येत नव्हता; पण जसजसा दोर लांबत गेला तसतशी होडी शांत होत गेली. वाऱ्यानं कितीही थैमान घातलं तरी ती तसूभर हलली नाही. दोर संपत आला तेव्हा बाबा रडत होते. “हुशार आहे माझा पोर. बापाला अक्कल शिकवतोय... दोर सोडा म्हणतोय.”

मला भीती वाटत होती, आणि खोटं कशाला बोलू, त्याहून जास्त हेवा वाटत होता. माझ्या हाताला का नाही?

संध्याकाळ व्हायच्या आत वारा पडला. धूळ पाण्यावर बसली आणि खाडीत इतकं शांत झालं की आमचे श्वास कड्यावरून परत येत होते. ओल्या राखेसारखा वास सुटला होता.

“दोन,” बाबा कुजबुजले. “जुवैना, दोन झटके... ये, हात लाव.”

मी दोर धरला. आम्ही ओढायला लागलो. बारीक सळईच्या नांगराला असतं किती वजन? पण दोर हाताची सालं काढत होता. माणसाच्या वजनाचं काहीतरी सावकाश वर येत होतं. तेव्हा मीही वेडीच झाले. “या,” मी म्हणत होते, “या ना... अजून थोडं...” उजेड होता, मी वाकून पाहिलं. हिरव्या पाण्यात नांगर दिसला. चारही नखं बाहेर वळून सरळ झालेली. त्यांत काही रुतणं शक्य नव्हतं. नांगराला काही लागलेलं नव्हतं, कुणी धरलेलं नव्हतं. आणि तरी ते वजन होतं.

मग दोराला एक झटका बसला. या वेळी मलाही लागला.

“नाही,” बाबा म्हणाले. “आता नाही सोडणार.”

दोर खाली जायला लागला. माझे हात सुटले, बाबांचे नाहीत. ते होडीच्या काठावर ओढले गेले, छाती काठावर, तोंड पाण्यापाशी. मी त्यांची कंबर धरली.

“सोडा, बाबा!”

“मी सोडला तर तो मेला!”

“तो मेलाय!” मी ओरडले. कड्यांनी ते शब्द परत माझ्याच तोंडावर फेकले. “तो मेलाय, बाबा... तो तुम्हाला नेणार नाही. तो सोडा म्हणतोय. ऐका ना त्याचं.”

किती वेळ ते तसेच लोंबकळत होते. मग त्यांनी मुठी उघडल्या. दोर सरसरत गेला, आणि शेवटी खुंटावरची माझी गाठ सुटली. ताणानं सुटली नाही. माझ्या डोळ्यांदेखत एकेक वेढा उलगडत सावकाश सुटली, आणि टोक काठावरून हलकेच घसरून पाण्यात गेलं.

बाबा होडीच्या तळाशी बसून होते. “उबैद गेला,” ते म्हणाले. तेव्हा मी रडले, त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून, सासरे-सून हे सगळं विसरून.

दुसऱ्या दिवशी गावानं जनाज्याची नमाज पढली. मी इद्दतीला बसले, विधवेनं चार महिने दहा दिवस घरात काढायचे ते. होडी बाबांनी शेजाऱ्याच्या होडीला बांधून ठेवली होती. सकाळी पाहतात तर ती बंधन सोडून बंदराच्या मधोमध उभी. बाकीच्या साऱ्या होड्या वाऱ्याकडे तोंड करून, आणि ही एकटी माझ्या खिडकीकडे. नांगर नाही, दोर नाही. पोरांनी बुड्या मारून पाहिलं, खाली नुसती रेती. ओढून नेली तर मुकाट्यानं यायची, आणि सकाळी पुन्हा तिथंच, तशीच. लोक चार दिवस बोलले, मग त्यांना सवय झाली. बाबा मात्र किनाऱ्यावर जाईनात.

माझी इद्दत संपली तेव्हा सुवैद आला. माझी ट्रंक त्यानंच खाली नेली. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं, “जा पोरी, आता तू मोकळी.” भावाची होडी निघाली, आमच्या होडीजवळून गेली, आणि मी बाहेर झुकून तिच्या नाळेखालच्या पाण्यात सहज हात घातला. हिवाळा होता. समुद्र गार होता. तेवढ्या जागेचं पाणी उबैदनं नुकत्याच सोडलेल्या अंथरुणासारखं कोमट होतं.

“काय झालं गं?” सुवैदनं विचारलं. “रडतेस कशाला? आता तर सुटलीस.”

“होडी वळव,” मी म्हटलं. “ट्रंक परत वर ने.”

तो चिडला, पुष्कळ बोलला, शेवटी वळला. मी मागे पाहिलं. आमची होडी हळूच फिरत होती. बाकीच्या होड्यांसारखी ती वाऱ्याकडे तोंड करून उभी राहिली, आणि त्यानंतर त्या जागेवरून कधी हलली नाही.